आंटी हवी, वसईची नको

मालिका लिहायला घेतलीत? मग आधी चाळ बांधा. मुंबईतल्या चाळी पाडून टॉवर उभे राहिले असतील, टीव्हीवर अजून पुनर्विकासाला परवानगी मिळालेली नाही. बहुतेक खोल्या देशस्थ-कोकणस्थांना वाटा आणि जिन्याजवळच्या तीन राखून ठेवा: चाचा, आंटी आणि अण्णा. झाली बहुसांस्कृतिक मुंबई.

ही तिघं पाठमोरी उभी असली तरी ओळखू यायला हवीत. प्रेक्षक भाजी निवडत बघत असतो, त्याला विचार करायला लावू नये. म्हणून चाचांना जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा आणि दर वाक्याला 'बेटा'. ईदला शीरखुर्मा आणणं आणि गणपतीत आरतीला टाळ्या वाजवणं, एवढंच त्यांचं काम. मुसलमान म्हटल्यावर या शहरात भाड्याने घर मिळत नाही, हा विषय काढू नका. आपण खोली दिलीय ना? चाचा चिपळूणकडचे आणि घरात कोकणी बोलणारे असले तर आणखी घोटाळा. हमीद दलवाई तिकडचेच, लिहायचे मराठीत. असली माणसं कथेत आली की टोपी कुठे घालायची ते कळत नाही.

अण्णांवर वेळ घालवू नका. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम यांपैकी कुठलीही भाषा द्या, 'अय्यो' सगळीकडे चालतं.

खरी मेहनत आंटीवर. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रॉस आणि 'हम तुमको बोला मॅन'. नवरा दारुडा. दारुडा नसेल तर गिटारवाला, आणि दोन्ही असेल तर उत्तमच. हिंदी सिनेमाने घालून दिलेली वाट आहे, सोडू नका. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवायचे, वाद्यमेळ बांधायचे, प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 मध्ये त्यांचं नाव 'अमर अकबर अँथनी'च्या एका गाण्यात आलं आणि देशभर गाजलं. त्या नावाचा माणूस मात्र पडद्यावर अंड्यातून बाहेर पडून नाचला. त्या काळात गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या स्टुडिओत बसून नोटेशन लिहीत होते, पण नोटेशन लिहिणारा माणूस दाखवायला कंटाळवाणा. बाटली कशी लगेच दिसते!

संशोधनाच्या नावाखाली वसईला तर मुळीच जाऊ नका. तिथे लाल लुगड्यातल्या ख्रिस्ती आज्या भेटतील, सामवेदी बोलीत बोलतील, वाडीतल्या केळीचं सांगतील. 'सुवार्ता' नावाचं मराठी मासिक हातात देतील. 2020 मध्ये धाराशिवला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हेही कानावर घालतील. मग कुणीतरी 1616 चं 'क्रिस्तपुराण' काढेल. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात बसून मराठीत ओव्या रचल्या आणि मराठीला मोगऱ्याची उपमा दिली. चारशे वर्षांचा हा पसारा तुमच्या बावीस मिनिटांत बसणार आहे का? फ्रॉक शिवून घ्या.

बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तर विचारातच घेऊ नका. 'बूट पॉलिश'मध्ये जॉन चाचा रंगवणारे डेव्हिड आडनावाने चेऊलकर, ज्यू. हे समजावण्यातच दोन भाग जातील आणि जाहिराती कुठे टाकायच्या?

मध्येच एखादे प्राध्यापक माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचा 1973 चा निबंध काढतील. पाठवणाऱ्याने भरलेला अर्थ प्रेक्षक मुकाट घेतोच असं नाही, कुणी घासाघीस करतो, कुणी सरळ धुडकावतो, असं हॉल म्हणाले होते. प्राध्यापकांना चहा पाजा. टीव्ही चालू आहे एवढंच टीआरपीच्या मीटरला कळतं. समोरचा दातओठ खात बघतोय, हे त्यात नोंदवलं जात नाही.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. हिंदी सिनेमात मराठी माणूस फक्त कांताबाई किंवा हवालदार असतो, यावर सकाळी फेसबुकवर जळजळीत पोस्ट टाका. दुपारी सेटवर जा आणि दूधवाल्या भैयाला मोडकं मराठी लिहून द्या. दोन्ही कामं एकाच टेबलावर करू नका.

एवढं करूनही एखादं पत्र येईलच. वसईच्या कुणा बाईंचं, चार पानी, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं, आंटीबद्दल तक्रार करणारं. घाबरू नका, लगेच उत्तर पाठवा: 'पत्र वाचून आनंद झाला. आपण इतकं छान मराठी कुठे शिकलात?'