रेडिएशन झालंय म्हणून लघवीत रक्त येणारच? नाही ओ

अशोक चौकातल्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालेल्यांना लघवीतून रक्त येतंच, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर निवांत राहा, आणि लघवीच्या वाटेने दुर्बीण घालू देऊ नका, गाठ छेडली की पसरते. माझ्या मामांनी याच समजुतीत चार महिने घालवले म्हणून लिहितोय.

रक्त येऊ शकतं हे खरंय. रेडिएशनने मूत्राशयाचं अस्तर नाजूक होतं, वर्षांनंतरही रक्त येतं. पण मूत्राशयातल्या कॅन्सरच्या गाठीचं रक्तही दिसायला तसंच, आणि बहुतेकदा दुखतही नाही. मामांना रेडिएशन होऊन 8 वर्षं झालेली, एका सकाळी लघवी कोकम सरबतासारखी लाल, मग पंधरा दिवस एकदम स्वच्छ, मामी उष्णता म्हणून धन्याचं पाणी देत होती. थांबलं म्हणजे बरं झालं असं वाटतं तिथंच माणूस फसतो, गाठीचं रक्त असंच मधेमधे थांबतं. रेडिएशननंतर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, तोही बऱ्याच वर्षांनी कळतो. त्यात मामांचं आयुष्य रंगाईच्या कारखान्यात गेलं आणि वर बिडी. बिडीचा धूर आणि काही जुन्या रंगांतली रसायनं, दोन्ही या कॅन्सरची पक्की कारणं आहेत, आपल्या सोलापुरात हे विसरून कसं चालेल?

पीएसए प्रोस्टेटचा. मूत्राशयातली गाठ त्यात दिसत नाही. सोनोग्राफीतही बारीक, चपटी गाठ सुटते.

दुर्बिणीचं म्हणाल तर तपासणी जेली लावून काही मिनिटांत होते. गाठ दिसली तर भूल देऊन लघवीच्या वाटेनेच खरवडून काढतात, पोटावर टाका नाही, आणि ती स्नायूत शिरलीय का ते त्या तुकड्यावरूनच कळतं. ती खोल जाते ती वेळ घालवल्याने. वरवरची असेल तर बऱ्याचदा मूत्राशयात बीसीजी सोडतात, आठवड्याला एक असे सहा डोस, बाळांना देतात तीच लस. स्नायूत शिरली तर एरवी रेडिएशन आणि केमो देऊन मूत्राशय वाचवायचा पर्याय असतो, पण त्याच जागी पूर्ण डोस झालेला असला की तो सहसा पुन्हा देता येत नाही, मग मूत्राशयच काढायची वेळ येते, आणि रेडिएशनने सगळं चिकटलेलं असल्याने ते ऑपरेशनही अवघड. मामांची गाठ वरवरची निघाली, चार महिने जाऊनसुद्धा.

रक्त दिसलं की युरॉलॉजिस्टकडे जाताना रेडिएशनची जुनी फाईल सोबत न्या आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवरही ते लिहायला सांगा, कारण रेडिएशनने बदललेल्या पेशी कधीकधी कॅन्सरसारख्या दिसतात.