मँगनीजचा धागा आणि बोअरचे जड पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

गोड्या पाण्यातील रेडियम (निसर्गात आढळणारे किरणोत्सारी मूलद्रव्य) मोजण्यासाठी मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेला ॲक्रिलिक धागा वापरावा, असे मी लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. वाघोलीकडच्या बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यातले कॅल्शियमच धाग्यावरची जागा अडवील, तेव्हा ‘धागा सगळे रेडियम पकडतो’ हे विधान टिकत नाही, हा पहिला. आणि पाणी सरळ आटवून उरलेला क्षार मोजता येत असताना हा खटाटोप कशाला, हा दुसरा.

‘सगळे’ हा शब्द चुकलाच. तो मी लेखातून काढला आहे. 1 ग्रॅम रेडियम-226 ची किरणोत्सारिता सुमारे 37 अब्ज बेकरेल (सेकंदाला होणारी अणुविघटने) असते. म्हणजे लिटरमागे 1 बेकरेल रेडियम असलेल्या पाण्यात 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर ते वजनाने रेडियमच्या जवळजवळ पावणेचार अब्ज पट भरते. आपली शंका त्यामुळे रास्तच आहे. तरीही हाच धागा 1970 च्या दशकापासून समुद्राच्या पाण्यात वापरला जातो, आणि तिथे लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बेरियम आणि रेडियम यांचे मोठे आयन या लेपावर कॅल्शियमपेक्षा घट्ट बसतात, म्हणून हे साधते.

मला खरी काळजी गाळाची वाटते. गोड्या पाण्यात रेडियम मातीच्या कणांना चिकटून राहते आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात ते सुटू लागते. श्रावणातले मुठेचे गढूळ पाणी तसेच धाग्यावर सोडले, तर धागा गाळणीसारखा गाळ अडवतो आणि आपण विरघळलेले रेडियम म्हणून गाळातलेच मोजत बसतो. पाणी आधी गाळावे आणि गाळणकागद वेगळा मोजावा.

धागा किती पकडतो, हे प्रत्येक पाण्यासाठी नव्याने तपासावे लागते. धागा भरलेल्या दोन नळ्या एकामागोमाग जोडाव्यात. पहिलीत 90 आणि दुसरीत 9 एकक रेडियम आले, तर दुसरीला पहिलीच्या दहावा हिस्सा मिळाला, उरलेले पहिलीनेच अडवले, म्हणजे प्रत्येक नळी 90 टक्के पकडते. मात्र अतिसूक्ष्म कणांवर बसलेले रेडियम दोन्ही नळ्यांतून निसटू शकते आणि तेव्हाही हे गुणोत्तर उत्तमच दिसते. म्हणून थोड्या पाण्यातले रेडियम बेरियम सल्फेटबरोबर साक्याच्या (तळाशी बसणाऱ्या न विरघळलेल्या पदार्थाच्या) रूपात खाली आणून पडताळा घ्यावाच.

आटवण्याबद्दल सांगायचे, तर रेडियम भरपूर असेल आणि लिटरभर पाणी पुरत असेल, तेव्हा आपलीच पद्धत सोपी आहे. पण लिटरमागे 600 मिलिग्रॅम क्षार असलेले 100 लिटर पाणी आटवले, तर 60 ग्रॅम क्षार उरतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर आपण खरवडून पाहिला असेल. तसाच थर भांड्याला धरतो, आणि त्यात अडकलेले रेडियम हिशेबातून जाते. धागा जाळल्यावर उरणारी राख मात्र लहान डबीत मावते. ती हवाबंद करून तीन आठवडे ठेवली, की रेडियमपासून आत तयार होणारा रेडॉन वायू रेडियमशी समतोलात येतो आणि मोजणीवर भरवसा ठेवता येतो.

आपण नमुन्यात आम्ल टाकून ठेवल्याचे लिहिले आहे. भांड्याच्या भिंतीला रेडियम चिकटू नये, यासाठी ते योग्यच. परंतु आम्ल गाळण्याआधी टाकले असेल, तर कणांवरचे रेडियमही पाण्यात उतरले असणार, आणि तो नमुना पुन्हा घ्यावा लागेल. गाळल्यानंतर टाकले असेल, तर धाग्यावर सोडण्यापूर्वी पाण्याचा सामू (pH) 7 च्या आसपास आणा.