‘९९ टक्के खात्रीची ब्लड टेस्ट’ या फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. त्यात म्हटलंय की दहाव्या आठवड्यात आईचं थोडंसं रक्त द्या, एनआयपीटी नावाची टेस्ट बाळाचा डीएनए थेट तपासून ९९ टक्के खात्रीने सगळे जनुकीय आजार सांगते, मग सोनोग्राफी नको की पोटात सुई नको, आणि जी आई ही टेस्ट करत नाही ती बेजबाबदार. आता टेस्ट वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, स्क्रीनिंग म्हणून, म्हणजे पक्कं निदान नाही तर धोका जास्त कुणाला ते चाळून काढायला, ती फार चांगली आहे, पण असलं अर्धवट वाचून लोक केवढे मोठे निर्णय घेऊन बसतात म्हणून एकेक मुद्दा घेते.

“९९ टक्के खात्री.” आकडा खोटा नाहीये, पण तो वेगळ्याच प्रश्नाचा आहे. ज्या बाळांना डाउन सिंड्रोम (२१ नंबरचं गुणसूत्र जास्तीचं असणं) खरंच आहे अशा १०० मधली साधारण ९९ ही टेस्ट पकडते, एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्ट हातात आल्यावर आपला प्रश्न उलटा असतो ना, की पॉझिटिव्ह आलाय तर बाळाला खरंच आहे का? जरा हिशोब करून बघा. समजा १ लाख तरुण गरोदर बायका आहेत आणि त्यांच्यात डाउनचं प्रमाण हजारात १ धरलं, तर १०० बाळांना तो असणार, त्यातली ९९ सापडली. उरल्या ९९,९००, त्यांच्यात टेस्ट हजारात एकदाच जरी चुकली तरी १०० जणींना उगाचच पॉझिटिव्ह रिपोर्ट जाणार. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या जवळपास २०० जणींपैकी निम्म्यांच्या बाळाला काहीच झालेलं नाही! आणि चाळिशीच्या आसपास, जिथे प्रमाण शंभरात १ च्या जवळ जातं, तिथे तसाच पॉझिटिव्ह दहातल्या नऊ वेळा खरा निघतो. हे कोणी समजावून सांगत नाही आणि ९९ टक्के वाचून घरात रडारड सुरू होते.

“बाळाचा डीएनए थेट तपासतात.” थेट कुठे? आईच्या रक्तात डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात, त्यातले बहुतेक आईचेच, आणि दहाव्या आठवड्यानंतर साधारण दहाएक टक्के प्रेग्नन्सीचे. हे १९९७ मध्ये डेनिस लो या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, पुढे २०११ च्या सुमाराला टेस्ट बाजारात आली. पण हे दहा टक्के येतात ते वारेतून, म्हणजे प्लासेंटातून. वार आणि बाळ यांची गुणसूत्रं बहुतेक वेळा सारखीच असतात, तरी शंभरात एखाददुसऱ्या प्रेग्नन्सीत वारेतल्या काही पेशींत गडबड असते आणि बाळ व्यवस्थित असतं. जुळ्यातलं एक सुरुवातीलाच गेलं असेल तर त्याचे तुकडेही रक्तात राहतात. क्वचित दोष आईच्याच पेशींत असतो, अगदी क्वचित आईला असलेला पण कळलेला नसलेला कॅन्सरही रिपोर्ट बिघडवतो. आणि बाळाचा वाटा कमी पडला, आईचं वजन जास्त असेल तर असं बऱ्याचदा होतं, तर रिझल्टच येत नाही, त्याकडे “लॅबने घोळ घातला” म्हणून दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांशी बोला.

“सगळे जनुकीय आजार कळतात.” नाही हो. नेहमीची टेस्ट मुख्यतः २१, १८ आणि १३ नंबरची गुणसूत्रं जास्तीची आहेत का ते बघते. थॅलेसेमिया, सिकल सेल त्यात नाहीत, ऑटिझम तर नाहीच. हृदयातला दोष, मणक्याचा दोष हे बघायला सोनोग्राफीच लागते, त्यामुळे निगेटिव्ह आला म्हणून १८ ते २२ आठवड्यांचं अ‍ॅनोमली स्कॅन सोडायचं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि मोठ्या पॅकेजमध्ये मायक्रोडिलीशन (गुणसूत्राचा बारीकसा तुकडा नसणं) वगैरे जे जोडून देतात ते आजार इतके दुर्मिळ की वरचाच हिशोब तिथे आणखी वाईट होतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२२ मध्ये मुद्दाम सांगितलं होतं की नुसत्या अशा रिपोर्टवर प्रेग्नन्सीबद्दल निर्णय घेऊ नका.

“सुई टळते.” निगेटिव्ह आला तर बऱ्याच जणींची टळते, हे खरंय आणि हाच टेस्टचा मोठा फायदा आहे. पण पॉझिटिव्ह आला तर पक्कं निदान सुईनेच होतं, ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर अ‍ॅम्निओसेंटेसिस, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी थोडं काढून तपासणं. वारेचा नमुना म्हणजे परत वारच आली, म्हणून काही वेळा डॉक्टर अ‍ॅम्निओसाठी थांबायला सांगतात, थांबणं जिवावर येतं पण त्याला कारण असतं. सुईमुळे गर्भपाताचा धोका शंभरात एक असं जुनं गणित अजून सांगितलं जातं, सरावलेल्या हातात तो दोनशेत एकापेक्षाही कमी आहे. स्कॅनमध्ये आधीच काही ठळक दिसलं असेल तर एनआयपीटीत वेळ घालवण्यापेक्षा सरळ अ‍ॅम्निओबद्दल विचारा.

“न करणारी बेजबाबदार.” ह्याचा मला खरंच राग येतो. काहीही निघालं तरी आम्ही बाळ वाढवणारच असं एखादीने ठरवलं असेल आणि तिला आधी कळून घ्यायचं नसेल तर तिचं काय चुकलं? दुसरीला तेच ठरवूनही आधी कळायला हवं असतं, तयारीला वेळ मिळावा म्हणून, तीही बरोबर. तुम्ही करायचं ठरवलंत तर रक्त देण्याआधी दोन गोष्टी विचारा: माझ्या वयात पॉझिटिव्ह आला तर तो खरा असण्याची शक्यता किती, आणि पॅकेजमध्ये नेमकं काय काय तपासणार. नको असलेल्या तपासण्या फॉर्मवरून काढायला सांगता येतात, त्या आपोआप टिक करून येत असतील तर सही करायच्या आधी थांबवा.