शिट्टी थांबली म्हणजे दमा थांबला?

दिवाळीची साफसफाई निघाली, माळ्यावरची जळमटं खाली आली, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला: 'दमा वाढलाय का, घरच्या घरी ओळखा.' त्यातला उपदेश थोडक्यात असा. छातीत शिट्टी वाजते तोवरच धोका, थांबली की उबळ ओसरली. ऑक्सिमीटरवर 95 च्या वर आकडा असेल तर दवाखान्यात पळू नका. रात्रीचा खोकला कफाचा असतो, वाफ घ्या. आणि पंपाची सवय लागते, म्हणून जीव अगदीच घाबरा झाल्याशिवाय तो ओढू नका. 22 वर्षं पर्समध्ये पंप घेऊन फिरणाऱ्या बाईला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी शिट्टीचं बघू, कारण सगळ्यांत घातक वाक्य तेच आहे. अरुंद झालेल्या श्वासनळ्यांतून हवा रेटली जाते तेव्हा शिट्टी वाजते. म्हणजे वाजायला हवा तरी हलायला हवी. नळ्या इतक्या आवळल्या की हवा जेमतेम आत-बाहेर होते, की शिट्टीही बंद पडते. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात आणि काहीच ऐकू येत नाही. याला ते 'सायलेंट चेस्ट' म्हणतात आणि ही जीव जाण्याच्या बेतातली खूण आहे. मग खरंच बरं वाटतंय की छाती मुकी झालीय, हे ओळखायचं कसं? माणसाला बोलतं करा. शिट्टी थांबली आणि तो आडवा पडून चहा मागतोय, सलग वाक्यं बोलतोय, तर उबळ ओसरली. शिट्टी थांबली पण दोन शब्दांनंतर अडतोय, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकलाय, खांदे वर-खाली होताहेत, घाम फुटलाय किंवा पेंगुळल्यासारखा झालाय, तर गाडी काढा. ओठ निळसर पडायची वाट बघू नका. लहान मुलांत बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, गळ्याखाली खड्डा पडतो. 'पोट उडतंय का बघ' असं आजी म्हणायची, ती या मेसेजपेक्षा पुष्कळ शहाणी होती. काहींच्या दम्यात तर शिट्टी कधी वाजतच नाही, नुसता कोरडा खोकला येतो.

ऑक्सिमीटर कोविडने घरोघरी आणून ठेवला आणि आपण त्याच्यावर नको तितका विश्वास टाकला. आकडा 92 च्या खाली गेला तर तो खराच धोका, त्यात वाद नाही. पण 97 दिसतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. उबळीत माणूस भराभर श्वास घेऊन ऑक्सिजन बराच वेळ टिकवून धरतो. त्यासाठी छातीचे स्नायू किती राबताहेत, ते बोटाच्या चिमट्याला कळत नाही. स्नायू थकले की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, तोही हे यंत्र मोजत नाही. त्यापेक्षा पीक फ्लो मीटर घ्या. प्लास्टिकची साधी नळी असते, जोरात फुंकायची; हवा किती वेगाने बाहेर पडते ते ती दाखवते. बरं असताना आपला सर्वांत चांगला आकडा किती येतो ते लिहून ठेवायचं. आकडा त्याच्या 80 टक्क्यांच्या खाली घसरू लागला तर सावध व्हा, निम्म्यावर आला तर थांबू नका.

रात्रीच्या खोकल्याला कफ म्हणून झटकून टाकणं मीही वर्षानुवर्षं केलंय. दमा रात्री आणि पहाटे जोर करतो. खोकल्याने किंवा धापेने झोपमोड होऊ लागली, नेहमीच्या जिन्यात मध्येच थांबावं लागलं, तर दमा हाताबाहेर चाललाय आणि मोठ्या उबळीला कदाचित अजून काही दिवस आहेत. डॉक्टरकडे जायची वेळ ती. वाफेने आतली सूज उतरत नाही. उकळत्या पातेल्याने पोरं भाजतात, एवढं मात्र नक्की.

आता पंप. निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल असतं 100 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाच्या 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या 40 पट. गोळी बिनधास्त गिळणारे पंपाला भितात, हे मला कधी कळलेलं नाही. निळा पंप जास्त लागू लागला तर ते व्यसन नव्हे. तो नळ्या काही तास सैल करतो, सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो रोजचा स्टिरॉइडचा पंप, आणि 'बरं वाटतंय' म्हणून आपण नेमका तोच बंद करतो. निळा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागतोय, किंवा 200 फवाऱ्यांचे तीन डबे वर्षात संपताहेत, तर उपचार बदलायला हवेत. ब्रिटनमध्ये दम्याच्या 195 मृत्यूंची छाननी झाली, अहवाल 2014 साली आला. औषधांची नोंद मिळाली त्यांतल्या 39 टक्के रुग्णांना शेवटच्या वर्षात असे 12 हून अधिक पंप लिहून दिले होते. 45 टक्के माणसं मदत मागण्याआधी किंवा ती मिळण्याआधीच गेली. ज्यांच्या दम्याची तीव्रता ठरवता आली, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा दमा सौम्य किंवा मध्यम समजला जात होता.

तेव्हा 'शेवटच्या क्षणी' नको. उबळ आली की ताठ बसवा, निळा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचं प्लास्टिकचं नळकांडं) लावून द्या. एका वेळी एक फवारा, अर्ध्या-एक मिनिटाने पुढचा, असे दहापर्यंत. उतार पडत नसेल, किंवा बोलताच येत नसेल तर आधीच, 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा.