नाडी ७० वर आली म्हणून गोळी सोडू नका: फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

सोलापुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हृदयाच्या गोळ्यांबद्दल एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ॲड्रिनलिनचा निरोप हृदयाच्या पेशीला फक्त बाहेरच्या आवरणावर मिळतो आणि बीटा ब्लॉकर (नाडीची गती कमी करणारी गोळी) तिथेच तो अडवतो. म्हणून सगळे बीटा ब्लॉकर सारखेच, स्वस्त पडेल तो घ्या. नाडी ७० वर आली की गोळीचं काम संपलं. आणि सोबतची स्पायरोनोलॅक्टोन ही नुसती लघवीची गोळी, पायाला सूज नसेल तर ती नकोच.

संदेशाचं पहिलं वाक्य जुन्या पाठ्यपुस्तकाला धरून आहे, म्हणूनच तो पटतो. पुढचे सगळे सल्ले त्याच अर्धवट वाक्यावर उभे आहेत.

निरोप फक्त बाहेरच मिळतो, हे चूक आहे. हा निरोप पकडणारी प्रथिनं, म्हणजे बीटा-१ रिसेप्टर, पेशीच्या आवरणावर असतात हे खरं. पण ते आतही असतात: गॉल्जी या पेशीअंगावर आणि कॅल्शियम साठवणाऱ्या जाळीवरही. ॲड्रिनलिनचं भावंड असलेल्या नॉरॲड्रिनलिनवर विद्युतभार असल्यामुळे ते चरबीच्या आवरणातून आपोआप आत जात नाही. त्याला ओसीटी-३ नावाचं वाहक प्रथिन आत नेतं. २०१७ मध्ये गॉल्जीवरचे बीटा-१ रिसेप्टर स्वतंत्रपणे संदेश देतात हे दिसलं. २०१९ मध्ये नवजात उंदरांच्या हृदयपेशींवर पुढचा टप्पा उलगडला: पेशी जाडजूड व्हायला लावणारा संदेश गॉल्जीवरून निघतो. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर आवरण ओलांडून आत जातो, त्याने हा संदेश थांबला. सोटालॉल हा दुसरा बीटा ब्लॉकर बाहेरच राहतो, त्याने तो थांबला नाही.

पण आवरणावरचा संदेश आतपर्यंत पसरत का नाही? कारण रिसेप्टर जागा झाला की सायक्लिक एएमपी नावाचा रेणू तयार होतो आणि आसपासची एन्झाइमं तो लगेच तोडून टाकतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये दारातून मारलेली हाक शेवटच्या मागापर्यंत पोचत नाही, जवळ जाऊन कानाशी बोलावं लागतं. पेशीतही तसंच आहे. कॅल्शियमच्या जाळीजवळ तयार झालेला सायक्लिक एएमपी फॉस्फोलॅम्बन या प्रथिनाचा लगाम सैल करतो, सर्का हा पंप कॅल्शियम वेगाने परत ओढतो, आणि हृदय जोरात आकुंचन पावून पटकन सैल पडतं. गॉल्जीजवळ तयार झालेला संदेश मात्र केंद्रकाकडे जातो आणि महिनोन्‌महिने स्नायू जाड करत राहतो. रेणू तोच, जागा वेगळी, परिणाम वेगळा.

‘सगळे बीटा ब्लॉकर सारखेच’ या दाव्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. तेच औषध, तोच क्षार, तीच मात्रा असेल तर स्वस्त जेनेरिक बिनधास्त घ्या. औषधच बदलणं ही वेगळी गोष्ट. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांत आयुष्य वाढतं याचा भक्कम पुरावा बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांचा आहे. ॲटेनोलॉलचा तसा पुरावा नाही. मेटोप्रोलॉलच्या स्ट्रिपवर क्षार ‘सक्सिनेट’ लिहिलाय की ‘टार्ट्रेट’ हेही वाचा. सक्सिनेट दिवसभर हळूहळू सुटतं. गोळीवर रेघ असेल तर ती तिथून अर्धी करता येते, पण चावायची किंवा कुटायची नाही. बीटा ब्लॉकरांमधला हा फरक केवळ गॉल्जीमुळे पडतो असं मात्र आम्ही म्हणणार नाही, कारण पेशींवरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा पुरावा नव्हे.

आता सगळ्यात घातक सल्ला: नाडी ७० वर आली की गोळी सोडा. नाडी म्हणजे हृदयातल्या पेसमेकर पेशींची गती, बोटाला तेवढीच कळते. स्नायू जाड होणं, त्यात तंतू वाढणं, पंपाची ताकद उतरणं यातलं काहीच मनगटावर लागत नाही. नाडी काही तासांत उतरते, स्नायू सुधारायला महिने लागतात. म्हणूनच हृदय कमकुवत असलेल्यांना मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५ किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट करतात आणि झेपेल तर २०० पर्यंत नेतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिट-एचएफ चाचणीत ३,९९१ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूंचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं.

एकदम सोडल्यावर काय होतं तेही नीट समजून घ्या. रिसेप्टर बरेच दिवस अडवून ठेवले की पेशी आवरणावर जादा रिसेप्टर मांडते. गोळी थांबली की रोजचंच ॲड्रिनलिन या वाढलेल्या रिसेप्टरांवर तुटून पडतं. छातीत धडधड, रक्तदाबाची उसळी, आणि रक्तवाहिनीत अडथळा असेल तर छातीत कळ, कधी थेट झटका. थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक ते दोन आठवड्यांत मात्रा उतरवत. नाडी ५० च्या खाली गेली, उभं राहताना चक्कर आली, किंवा तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्वतः गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

राहिली स्पायरोनोलॅक्टोन. तिचा रिसेप्टर तर पेशीच्या आतच असतो. अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक आत शिरून त्याला चिकटतं, जोडी केंद्रकात जाते आणि हृदयात तंतू वाढवणारी जनुकं चालू करते. ही गोळी ती जोडीच जुळू देत नाही. १९९९ च्या रेल्स चाचणीत हृदय फार कमकुवत झालेल्या १,६६३ रुग्णांचा अभ्यास झाला. सुरुवातीची मात्रा रोज २५ मिलिग्रॅम होती, म्हणजे लघवी वाढवायला फारच थोडी. तरी मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पायाला सूज नाही म्हणून ही गोळी टाकणं म्हणजे तिचं मुख्य कामच नाकारणं.

तिचा खरा धोका पोटॅशियम वाढण्याचा. रक्तातलं पोटॅशियम ५.० च्या वर असेल तर गोळी सुरू करत नाहीत, ५.५ च्या वर गेलं तर मात्रा निम्मी, ६.० च्या वर बंद. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम एका आठवड्याने, मग चार आठवड्यांनी आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने तपासायचं. सोलापूरचा एप्रिल-मे इथे आडवा येतो. पारा चाळिशीपार, घाम, त्यात जुलाब लागले की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं आणि पोटॅशियम साचतं. अशा वेळी गोळी चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची हे त्याच दिवशी फोन करून विचारा. ताकद यावी म्हणून शहाळ्यावर शहाळी पिऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. आणि बीपीसाठी चांगलं म्हणून आणलेलं लो सोडियम मीठ घरात असेल तर पाकीट उलटून पाहा. त्यात सहसा काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. या गोळीसोबत ते मीठ भाजीतही नको आणि शेंगाचटणीतही नको.