आभारप्रदर्शन, २४ तासांच्या आत

मुलाखत संपली, ‘वुई विल गेट बॅक टू यू’ ऐकून झालं आणि हिंजवडी फेज ३ मधून निघालेली तुमची कॅब वाकडच्या अलीकडे पाऊण तास जागची हललेली नाही. हा वेळ वाया घालवू नका. आभाराचा मेल लिहायला घ्या. अमेरिकेत तो २४ तासांच्या आत पाठवायची पद्धत आहे, म्हणजे आपल्याला पाठवणं भागच आहे. तिथे नोकरी सोडताना दोन आठवड्यांची नोटीस देतात आणि आपल्या आयटीत ९० दिवसांची, पण ती पद्धत तेवढी आणायची राहून गेली.

मराठी माणसाला आभार मानता येत नाहीत, ही अफवा आहे. घरात पाण्याच्या तांब्याबद्दल ‘थँक्यू’ म्हटलं तर आई कपाळाला हात लावून ताप बघते, हे खरं. पण कार्यक्रमाच्या शेवटचं आभारप्रदर्शन आठवा. मंडपवाले, माइकवाले, झालंच तर ‘ज्ञात-अज्ञात हात’. श्रोते चपला शोधायला लागले तरी आपण थांबत नाही. मेल त्याच बाण्याने लिहा.

११ वाजता बोलावून सव्वादोनला आत घेतल्याबद्दल आभार माना. तेवढ्या वेळात भिंतीवरची कंपनीची मूल्यं तुमची तोंडपाठ झाली, हेही कळवा. तिसरं मूल्य ‘वेळेचा आदर’ असेल तर त्याचा उल्लेख टाळा. तुमचा रेझ्युमे तुमच्यासमोरच आयुष्यात पहिल्यांदा वाचणाऱ्या मॅडमचे आभार. बेंगळुरूहून टीम्सवर आलेल्या, कॅमेरा बंद ठेवलेल्या सरांचे तर विशेष आभार, कारण तुम्ही ‘माझी बलस्थानं’ सांगत असताना कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि तरी त्यांनी गॅस बंद करायला जाऊन तुमचा रसभंग केला नाही.

गेटवरच्या सिक्युरिटी मामांनी फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावताना ‘जेवलात का?’ विचारलं होतं. त्यांना वगळा. त्यांना कंपनीचा मेल आयडी नसतो.

मजकूर चॅटजीपीटीकडून घ्यायला काहीच हरकत नाही. प्रश्न तरी कुठून आले होते? फक्त ‘कंपनीचे नाव येथे लिहा’ हा कंस तसाच ठेवू नका. माझ्या हातून एकदा तो तसाच गेला. कोणी काही बोललं नाही. मेल उघडलाच नव्हता, हे नंतर कळलं.

आणि मुलाखतीनंतर चौथ्या मिनिटाला पाठवू नका. आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता, हे उघड होतं.

आता पाठवायचा कुठे? बोलावणं ‘नो-रिप्लाय’वरून आलं होतं. मग नाव, टिंब, आडनाव असं जुळवून बघा. दोन मेल परत येतील. तिसरा पोहोचेल, आणि त्याला चक्क लगेच उत्तरही येईल: साहेब सोमवारपर्यंत रजेवर आहेत.

त्यानंतर शांतता. मग तीनेक महिन्यांनी त्याच कंपनीतून एका उत्साही मुलीचा फोन येईल: ‘सर, नौकरी डॉट कॉमवर तुमचं प्रोफाइल बघितलं. आमच्याकडे ओपनिंग आहे. करंट सीटीसी किती? इमीजिएट जॉइन होऊ शकता ना?’ तुम्ही आधी येऊन गेलात, याची तिच्याकडे कुठेच नोंद नसेल. शनिवारी ११ वाजता या, असं ती सांगेल.

जुना मेल डिलीट केला नाहीत ना? फक्त तारीख बदला.