पिवळं धमक, सुवासिक आणि स्वस्त

मधमाशीचं मेण घ्यायला निघालात ना? मग दुकानात शिरताच नुसतं 'मेण द्या' म्हणा. मधमाशीच्या पोटातून पाझरतं तेही मराठीत मेणच आणि खनिज तेलाच्या कारखान्यातून निघतं ते पॅराफिनही मेणच. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानदाराने पॅराफिनची लादी काढून दिली, तरी त्याने फसवलं म्हणायला तुम्हाला तोंड राहत नाही. 'पिवळं मेण द्या' म्हणालात तर त्याचं काम आणखी सोपं. पॅराफिनमध्ये तेलात विरघळणारा रंग किती घातला की ते तुमच्या मनातल्या पोळ्यासारखं दिसतं, हे त्या धंद्यातल्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

रंगाच्या बाबतीत मुळीच नमतं घेऊ नका. दहा वड्या घेतल्या तर दहाही एकाच छटेच्या हव्यात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच छटा हवी. माशी मेण सोडते तेव्हा ते पांढरंच असतं. परागकण आणि पोळ्यातला प्रोपोलिस, म्हणजे माश्या झाडांच्या चिकापासून करतात तो डिंक, त्याला पिवळं करतात, अळ्या वाढवून जुनी झालेली घरं त्याला तपकिरी करतात. पोळं कुठल्या फुलोऱ्यावरचं आणि किती जुनं, यावर छटा बदलत जाते. म्हणजे तुमचा हट्ट पुरवू शकेल असं मेण एकच, पिंपात रंग मोजून टाकलेलं. बाजार तुमचा शब्द खाली पडू देत नाही.

वास तर दारातूनच यायला हवा. खऱ्या मेणाचा वास मंद असतो. तळहातावर चोळून नाकाशी नेलं तर कुठे मधाची आठवण होते. एवढ्याशा वासासाठी एवढे पैसे कोण मोजणार? मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानात मधाच्या वासाची बाटली मिळते, तिचे चार थेंब पडलेलं मेणच निवडा. ही मेणबत्ती खोलीतली हवा शुद्ध करते असं डब्यावर छापलेलं असेल तर थोडे जास्त पैसे द्या. कशी करते, ते विचारायचं नाही.

खरेदीचा मुहूर्त मे महिन्यातला काढा, भर दुपारचा. शुद्ध मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण पस्तिशी ओलांडली की ते बोटांना मऊ लागायला लागतं. पंचेचाळीसच्या नागपुरात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेलं पॅराफिनही तसंच वाकतं, आणि काउंटरमागून आवाज येतो, "दाबून पाहा ना भाऊ, लोण्यासारखं आहे, एकदम ओरिजनल!" दाबून पाहा, खूश व्हा, घेऊन या. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग मोडून पाहायचा उद्योग करू नका, कारण थंड झालेलं शुद्ध मेण कटकन मोडतं आणि आतला भाग निस्तेज, रवाळ दिसतो. चकचकीत किंवा अर्धपारदर्शक काही दिसलं तर तुमचीच झोप उडेल. नखाने ओरखडा काढणंही टाळा. डिसेंबरातल्या सकाळी नव्हे, साध्या उबेत, शुद्ध मेणाची बारीक सालपटं वळत निघतात, आणि पॅराफिनचा भुगा पडून मागे पांढरी रेघ राहते.

वडी फोडून दाखवा असं तर चुकूनही म्हणू नका, वाईट दिसतं. वरचा अर्धा इंच चांगल्या मेणाचा आणि पोटात भलतंच, अशी जाड लादी ओतायला फार हुशारी लागत नाही. तळाला पाणी, माती आणि माश्यांचे पंख राहिले तर तेही वजनातच भरतात. ते खरवडायला सांगू नका. निसर्गाच्या जवळ जायचंय ना तुम्हाला?

राजेहो, पाणी आणि स्पिरिटच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. ती भानगड अशी. काचेच्या ग्लासात ५० मिलीलिटर पाणी घ्यायचं, त्यात खात्रीच्या मेणाचा छोटा, बुडबुडा नसलेला तुकडा टाकायचा. तो तरंगतो. मग औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट थोडंथोडं ओतत ढवळायचं. पाणी आणि स्पिरिट निम्मं-निम्मं व्हायच्या सुमारास तो तुकडा खाली जायला लागतो, कारण शुद्ध मेणाची घनता ०.९६ च्या आसपास असते. तिथेच हात थांबवून विकतच्या मेणाचा तुकडा सोडायचा. पॅराफिन ०.९० च्या घरातलं असतं, त्यामुळे भेसळीचा तुकडा वर येऊन निवांत पोहत राहतो. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसले नाहीत तर चांगला मालही तरंगतो आणि बिचारा दुकानदार उगाच बदनाम होतो. त्यातही मुरलेला भेसळवाला पॅराफिनसोबत थोडी राळ घालतो. राळ पाण्याहून जड, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. मग तुकडा चावून पाहावा लागतो. शुद्ध मेण च्युइंगगमसारखं चघळलं जातं आणि दातांना चिकटत नाही, राळेचं चिकटून बसतं. चरबी मिसळलेली असेल तर जिभेवर तुपकट पुट चढतं. एवढं सगळं करण्यापेक्षा पिशवीवरचं '१०० टक्के शुद्ध' वाचणं सोपं. छापलेलं असतं, म्हणजे खरंच असणार.

प्रयोगशाळेचा कागद हवा असेल तर अवश्य मागा, फक्त आग्या मोहोळाच्या मेणासाठी मागा. तिथे मेण अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्काबरोबर उकळतात आणि द्रावण थंड होऊ देतात. शुद्ध मेणाचा बराचसा साबण होतो, पॅराफिनचा होत नाही, म्हणून भेसळीचं द्रावण लवकर गढुळतं. शुद्ध मेणाचं ६५ अंशांपर्यंत उतरेतो स्वच्छ राहावं अशी अट असते. इथवर सगळं ठीक आहे. पण त्याच कागदावर आम्लांक, म्हणजे मेणात मोकळं आम्ल किती ते सांगणारा आकडा, १७ ते २४ असावा असंही लिहिलेलं असतं, आणि ते माप पेटीतल्या युरोपीय माशीच्या मेणाचं. आपल्या आग्याचा आम्लांक मुळातच कमी. जंगलातून उतरवलेलं अस्सल मेण नापास होतं आणि तुम्हाला ते परत करायला लेखी कारण मिळतं.

आता 'लोकल'. हा शब्द उच्चारल्याशिवाय हाताने केलेली कुठलीच वस्तू विकली जात नाही, तेव्हा तोही घ्या. सर्वांत लोकल मेण नागपुरातल्या उंच इमारतींच्या सज्जाखाली लटकलेलं असतं. आग्या मोहोळ बसलं की सोसायटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते, तो औषध फवारतो, माश्यांचा सडा पडतो आणि पोळं फुकटात खाली येतं. यापेक्षा लोकल काय मिळणार! त्याच मेणाचा लिप बाम करा. बरीचशी कीटकनाशकं चरबीत विरघळतात, त्यामुळे ती मेणात छान मुरून बसतात. वितळवलं, गाळलं, पुन्हा वितळवलं तरी हलत नाहीत. म्हणून हे मेण मेणबत्तीलाही वापरू नये म्हणतात. ओठांबद्दल वेगळं सांगायला नको.

गडचिरोलीपर्यंत जायची तसदी घेऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या यादीत मध आणि मेण ही दोन्ही नावं लिहिलेली आहेत, आणि मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे अशा गावांत मेणाचा मालक कोण, हे शोधायला दलाल लागत नाही. थेट ग्रामसभेला विचारता येतं की कुठल्या माशीचं, कोणत्या महिन्यात उतरवलेलं, पोळं जाळून काढलं की धूर देऊन मधाचा भागच कापला. पण विचारणार कोण? तिथून येतं ती कळकट, वेडीवाकडी, काळसर ढेप. दुकानातली फुलाच्या साच्यातली वडी किती गोंडस!

मेण घरी आलं की मोठ्या आचेवर, थेट गॅसवर ठेवा. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ८० अंशांच्या आत वितळवणारे लोक वेळ वाया घालवतात. जास्त तापलं की मेण काळवंडतं, वास जातो आणि धूर दिसायला लागतो. पेट घेतला तर वर पाणी ओता, म्हणजे नुसतं भांडं नाही, स्वयंपाकघर पेटेल. झाकण ठेवून गॅस बंद करणं फारच मिळमिळीत. भांडं लोखंडाचं किंवा तांब्याचं घ्या. लोखंड मेणाला मळकट करतं, तांबं हिरवट. स्टीलमध्ये काहीच होत नाही, मग मजा काय? कच्चं पोळं उकळायला बोअरचं पाणी वापरा. जड पाण्यातल्या चुन्याशी मेणातली आम्लं जुळतात आणि वर स्वच्छ चकतीऐवजी स्पंजासारखा चिखल जमतो. पावसाचं पाणी किंवा चमचाभर व्हिनेगर यातून वाचवतं, म्हणून ते विसरा.

मेणबत्ती करताना वात जुनीच ठेवा, पॅराफिनसाठी घेतलेली बारीक. शुद्ध मेण वितळल्यावरही दाट असतं, त्याला जाड सुती विणलेली वात लागते. बारीक वात दोन मिनिटांत स्वतःच्याच तळ्यात बुडते. बुडाली की मेणवाल्याला फोन करून शिव्या द्या. इतकी वर्षं याच वातीवर सगळं नीट जळत होतं, याचा अर्थ इतकी वर्षं तुम्ही काय जाळत होतात, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. ओतलेली मेणबत्ती लगेच कूलरसमोर ठेवा, म्हणजे वरून तडकेल. आणि जानेवारीत तिच्यावर पांढुरकी साय धरली की बुरशी म्हणून फेकून द्या. ही साय मेणातलेच हलके घटक वर येऊन धरते. हेअर ड्रायरची हवा दाखवली की जाते, मे महिन्यात तर आपोआप. बरेच जण ती मेण अस्सल असल्याची खूण मानतात.

डबा गुंडाळायच्या मेणकापडाची कृती साधी आहे: १०० ग्रॅम मेण, २५ ग्रॅम राळ, १५ मिलीलिटर तेल, धुऊन वाळवलेलं पातळ सुती कापड आणि दोन बटर पेपरांमध्ये धरून फिरवलेली इस्त्री. पॅराफिन घेतलंत तर पहिल्याच घडीवर कापडाला पांढऱ्या रेषा पडतात आणि त्याचे कपचे पोळीवर सांडतात. तेवढ्यावर थांबू नका. कढईतून काढलेली सांबारवडी तशीच त्यात बांधा. मेण शुद्ध असो वा नसो, वडीला लागणारच.

लिप बामला एक भाग मेण आणि तीन भाग तेल घ्या. हे प्रमाण थंड हवेच्या गावांसाठी चांगलं. इथे उन्हाळ्यात तेल अडीच भागांवर आणावं लागतं, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर तेही वितळतं.

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांना चमक आणायची असेल तर एक भाग मेण चार भाग जवसाच्या तेलात विरघळवा, चिंधीने चोळा, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात फेका. जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं. गोळ्याच्या आत ती साठत जाते आणि काडी न लावता चिंध्या पेट घेतात. पसरून वाळत घालणाऱ्यांच्या घरी असलं काही घडत नाही.

शेवटी एक सोय अगदी रस्त्यावर आहे, ती मात्र चुकवू नका. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर सावलीत एखादा माणूस बादली घेऊन बसलेला दिसेल. बादलीत मध, मधावर पोळ्याचा मोठा तुकडा, तुकड्यावर चारदोन माश्या. तुम्ही मध घ्या. खाली बहुतेकदा गुळाचा किंवा साखरेचा पाक असतो, पण तो गोड असतो याबद्दल वाद नाही. अख्ख्या बादलीत निखालस खरी वस्तू तेवढी एकच, वर तरंगणारा तो तुकडा. तो कापडात बांधून, वर वजन ठेवून, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर उकळला आणि रात्रभर झाकून हळू निवू दिला, तर सकाळी पाण्यावर मेणाची चकती मिळेल. त्या माणसाला म्हणून पाहा, "मध राहू द्या भाऊ, तो वरचा तुकडाच द्या." तो दुप्पट पैशांनाही देणार नाही. उद्या त्याला पुन्हा इथेच बसायचंय.